लेकीची वाटी रिकामी गेली

आता काय सांगू बायांनो! माझी जीभ कधी गप्प बसत न्हाई, हे अख्ख्या गावाला ठाऊक हाय. पण एकदाच गप्प बसले, अन् तिथंच फसले!

वडवणीत पहिला नेट कॅफे निघाला तवाची गोष्ट. माझी लेक सुलू अमेरिकेत, पोटुशी. तिकडचा फोन लई महाग. मग काय, खताच्या पोत्यांवरून इंग्रजी शिकलेली बाई मी, कॉम्प्युटरला भिते का? आपलं आपण शिकले!

पण सुलूच्या एका ई-मेलमागं भलत्यांच्याच ढीगभर. कुणी म्हणतं लॉटरी लागली, कुणी टक्कल घालवतं. आता आपली रीत काय? शेजारणीची वाटी रिकामी परत धाडायची न्हाई. मी एकूण एकाला उत्तर दिलं! लॉटरीवाल्याला लिहिलं, "बाबा, एखाद्या गरिबाला दे." टक्कलवाल्याला लिहिलं, "माझी वेणी अजून कमरेला लागते. सरपंचाला विचारून कळवते."

मग? बाजाराच्या दिवशी एसटीला पडावी तशी झुंबड!

कॅफेवाल्या सलीमभाईंनी कपाळावर हात मारला. "मावशी, उत्तर कावून देता? उत्तर गेलं की त्यांना कळतं, या घरात माणूस हाय. मग ते आणखी दहा जणांना पत्ता देतात!"

"मग शिव्या हासडू?"

"शिवीबी उत्तरच झाली की! अनोळखी नाव दिसलं की उघडायचं न्हाई, आतल्या निळ्या अक्षरांना हात लावायचा न्हाई, सरळ पुसायचं. अन् पासवर्ड कुणाला सांगायचा न्हाई. मलाबी न्हाई!"

झालं! मी मनावर घेतलं की घेतलं. अनोळखी दिसलं की पूस. कचऱ्यात गेलेलं तिथूनबी पूस!

अशात रस्ता खोदताना आमच्या आळीची फोनची तार तुटली; कॅफे बाजारात, तिथलं नेट तेवढं चालू. अन् एका सकाळी मेल आली. लांबलचक इंग्रजी नावाचा कुणी गडी. वर मथळा, इंग्रजीतच : 'नाव तुम्हीच निवडा, ताबडतोब कळवा!'

"बघा सलीमभाई, कशी लाडीगोडी लावतात मेले!" म्हणाले, अन् पुसली. कचऱ्यातूनबी.

तार जोडली, तवा सुलूचा फोन. आवाज रडवेला.

"आई, नाव का न्हाई कळवलंस?"

"कसलं नाव?"

"पोरगी झाली गं! दिवस भरायच्या आधीच. दवाखान्यातून सोडायच्या आत नाव लिहून द्यावं लागतं इथं. ह्यांनी ऑफिसातून मेल केली होती तुला. नाव तूच ठेवायचं ठरलं होतं ना? वाट बघून बघून शेवटी सासूबाईंनी सुचवलं ते लिहिलं."

म्हंजे तो लांबलचक नावाचा गडी माझा जावईच! आमच्याकडं जावयाला सगळे बापूच म्हणतात. त्यांचं अख्खं नाव इंग्रजीत मी कधी बघितलं होतं?

अन् नातीचं नाव मी सुलूच्या लग्नातच ठरवून ठेवलेलं! कुणाला बोलले न्हाई. बारशाला पोरीच्या कानातच सांगायचं होतं. जगभरच्या लुच्च्यांच्या वाट्या भरभरून परत धाडल्या, अन् माझ्या लेकीची तेवढी रिकामी गेली.

नात गोड हाय. ठेवलेलं नावबी बरं हाय. पण तिला हाक मारायची म्हटलं की माझ्या ओठावर आधी दुसरंच येतं. मग गिळते.

काय म्हणता, मी ठरवलेलं नाव कोणतं? ते न्हाई सांगता यायचं बायांनो. वाया जाऊ नये म्हणून त्याचा पासवर्ड केलाय!