येतंय हां, काका

ओमानमधल्या मत्रहच्या धक्क्यावर जहाजांना भाजीपाला पुरवणाऱ्या गाडीवर मी काम करायचो. दिवसभर हिंदी, नाहीतर अरब मुकादमाचं ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे चला, उरका. मालवणी बोलायची ती फक्त फोनवर, गावी असलेल्या बायकोशी.

त्या हिवाळ्यात आपल्या नौदलाची जहाजं ओमानी नौदलाबरोबर सरावाला आली. पोती उतरवून घेणारा एक नौसैनिक कोबी बघून पुटपुटला, “ह्यो खावचो कसो?” माझ्या हातातलं पोतंच सुटलं. वेंगुर्ल्याचा निघाला, माझ्या शेजारच्याच गावचा!

पोती संपेपर्यंत आम्ही बोलत होतो. सरावात करता तरी काय, मी विचारलं. तो म्हणाला, बाकी कवायत नंतर, आधी एकमेकांचे इशारे जुळवायचे. भर समुद्रात एकाने एक सांगितलं आणि दुसऱ्याने भलतंच समजून घेतलं तर पंचाईत. मी म्हटलं, ते असू दे, शुक्रवारी खोलीवर जेवायला ये. सुट्टी मिळते का बघतो, म्हणाला. मग जहाजाच्या शिडीवरून हात केला.

“येतंय हां, काका.”

झालं! शुक्रवारी मी बांगडे आणले. गावाहून आलेली तिरफळं पुरवून पुरवून वापरायचो, ती सगळी बांगड्यांच्या झणझणीत तिखल्यात घातली. खोलीतल्या सोबत्याला सीब शहरात त्याच्या भावाकडे पिटाळलं. दोन ताटं मांडली. आपल्या भाषेत बोलत कुणाबरोबर तरी चार घास खावेत, एवढंच हवं होतं मला. भात निवला, तिखलं निवलं. शेवटी धक्क्यावर गेलो. जहाजं सकाळीच सरावाला बाहेर पडली, पहारेकरी म्हणाला.

माझं डोकंच सटकलं. बायकोला फोन लावला आणि तोंड सोडलं. एवढी शिस्त शिकवतात, शब्द पाळायला शिकवत नाहीत? येतंय म्हणाला होता, स्वतःच्या तोंडाने!

ती म्हणाली, “अवो, निघताना माणूस आणखी काय म्हणतलो? जातंय म्हणतत काय?”

परक्या बोलीत इतकी वर्षं काढली, की आपला निघण्याचा शब्द मला येण्याचा वाटला. रडूच आलं.

“तुमी पण तसाच सांगान गेलात,” ती म्हणाली. “मी काय रोज ताट मांडून बसतंय?”

बसतेस का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.