एर्सिलियाच्या घरची चढण

दोमितिलाचा डावा गुडघा रविवारी जास्त दुखायचा. कॉफीच्या मळ्यांमधल्या त्या डोंगरगावात फादर विल्मेर दोन महिन्यांतून एकदा मोटारसायकलवर यायचे. मधले सगळे रविवार तिच्या अंगावर. चॅपेल झाडायचं, शास्त्रपाठ वाचायचा, त्यावर चार शब्द बोलायचे आणि मग गळ्यातल्या डबीत फादरांनी आशीर्वादून ठेवलेला ख्रिस्तप्रसाद घेऊन आजाऱ्यांची घरं फिरायची. एकोणतीस वर्षं झाली. नवरा होता तोवर म्हणायचा, "तू देवाची मोलकरीण अन् मी तुझा स्वयंपाकी." आता असं चिडवणारंही कुणी नव्हतं.

फेरीत सहा घरं होती. धाकटी बहीण एर्सिलियाचं त्यात नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी ती तोन्योबरोबर राहायला लागली, आणि त्याची लग्नाची बायको हयात होती. दोमितिलाच्या नातीच्या बाप्तिस्म्यात तिची धर्ममाता व्हायचं म्हणून एर्सिलियाने हौसेने पांढरी शाल आणली होती. तेव्हाच्या फादरांनी नकार दिला. सांगायचं काम आलं दोमितिलाकडे. तिने ते चॅपेलच्या दारात, चारचौघींसमोर सांगून टाकलं. तेव्हापासून बोलणं बंद. त्या बायकोचं मागेच निधन झालं, पण त्यानंतरही दोघांनी लग्न लावलं नाही. मार्चमध्ये तोन्यो गेला, तेव्हा दोमितिला दफनालाही गेली नाही.

मे महिन्यात शेजारीण निकोलासा म्हणाली, "तुझ्या बहिणीचे पाय भोपळ्यासारखे सुजलेत. उठवत नाही तिला."

"तिनं बोलावलंय?"

"ती कसली बोलावते! मी बोलावतेय."

रविवारी सहा घरं झाल्यावर दोमितिला ती चढण चढली. डबीत एक भाग राखून ठेवला होता.

"आलीस?" एर्सिलिया खाटेवरून म्हणाली. "सगळ्यांना वाटून उरलं वाटतं."

"उरलं नाही. तुझ्यासाठी ठेवलंय."

"मग दे."

दोमितिलाचा हात डबीपर्यंत गेला आणि थांबला. तसाच दिला असता तरी कुणाला कळलं नसतं. पण तिला ते जमेना. "आधी फादरांपुढे पापनिवेदन, एर्सिलिया. ते आले की लगेच."

"बघ! अजून त्या दारातच उभी आहेस तू."

भांडायला दोमितिलाच्या अंगात त्राण नव्हतं. तिने डबी मरियेच्या तसबिरीपुढे ठेवली, चुलीवर पाणी तापवलं आणि बहिणीचे पाय धुवायला घेतले. सुजलेल्या कातडीवर बोटाचा खड्डा तसाच राहत होता.

"तुला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं मी," ती खाली बघतच म्हणाली.

"शाल उंदरांनी खाल्ली."

"तोन्योच्या वेळी प्रार्थना कुणी म्हटली?"

"मीच. अर्धी विसरले."

दोमितिलाने पाय पुसले आणि मृतांसाठीची प्रार्थना सुरू केली. मधेच एर्सिलियाचा आवाज तिच्यात मिसळला. या वेळी प्रार्थना पुरी झाली.

दुसऱ्या दिवशी रेंज मिळते त्या टेकडीवर जाऊन तिने फादरांना फोन लावला.

"बारा तारखेला येतोच आहे, बाई."

"गुरुवारी या. एकोणतीस वर्षांत काही मागितलं नाही मी."

गुरुवारी ते चिखलाने माखून आले. ते आत असेपर्यंत दोमितिला बाहेर दगडावर बसून राहिली. दार उघडलं तरी तिला उठवेना. आतून एर्सिलिया ओरडली, "निम्मी पापं तुझीच सांगितली, ताई! माझी थोडीच निघाली!"

फादरांनी हसू दाबलं. दोमितिलाला मात्र रडू फुटलं. डोळे पुसत ती त्यांना म्हणाली, "मी थकलेय. दुसरं कुणी बघा आता."

"बघतो," ते म्हणाले. त्यांनी खरंच गावातल्या दोन बायकांना विचारलं. एकीची लेकरं लहान, दुसरीला वाचता येत नव्हतं.

दवाखान्याच्या गोळ्यांनी एर्सिलियाची सूज उतरत गेली. ती मेली नाही. घरं मात्र सात झाली, आणि सातवं सगळ्यांत उंचावर. पुढच्या रविवारी दोमितिला धापा टाकत पोचली. एर्सिलियाने डोळे मिटून प्रसाद घेतला, मग म्हणाली, "कॉफी गार झाली. किती उशीर!"

दोमितिलाने गार कॉफीचे दोन घोट घेतले आणि खुर्चीतच तिचा डोळा लागला. एर्सिलिया भिंतीला धरत उठली, तिच्या हातातून कप काढून घेतला आणि दाराशी आलेल्या निकोलासाला बोटानेच गप्प राहायला सांगितलं.