हापशाला उतरलेला करंट

आमच्या प्रयोगशाळेत एक लोखंडी बोट आहे. माणसाच्या बोटाच्या मापाचं, बोटासारखंच सांध्यांत वाकणारं. मिक्सर, इस्त्री, गिझर, पंखा, जे काही बाजारात जायला निघालेलं असतं ते आधी आमच्याकडे येतं, आणि मी ते बोट त्याच्या प्रत्येक फटीत घालून बघते. आतल्या विजेच्या भागाला बोट टेकलं की वस्तू नापास. कंपनीची माणसं वैतागतात. म्हणतात, मॅडम, एवढ्याशा फटीत कोण शहाणा बोट घालणार आहे? मी म्हणते, शहाणे घालत नाहीत हो, बाकीचे घालतात, आणि बाकीचेच जास्त आहेत. या बाबतीत मी खाष्ट आहे. कुणाची भीड ठेवत नाही. वीज कुणाची ठेवते?

हे सगळं पुण्यात. माझं घर मात्र घोडेगावच्या पुढे, डोंगराकडे जाणाऱ्या एसटीच्या शेवटच्या थांब्याच्या अलीकडे उतरून ओढा ओलांडला की लागतं. आईवडील आता नाहीत. भाऊ ट्रकवर असतो, महिन्यातून एखादी चक्कर. घर, भाताची खाचरं आणि एक गाय, सगळं वहिनी एकटी बघते. शेजारी चुलते आणि चुलती. आम्ही त्यांना नाना आणि काकी म्हणतो. दोन घरांच्या मधल्या बांधावर हापसा आहे. होळी झाली की ओढा आटतो, विहिरी तळाला जातात, आणि मग दोन्ही घरं त्या एका हापशावर जगतात.

यंदा ऊन तापायला लागलं तेव्हा वहिनीचा फोन आला. आवाज नेहमीचाच, कामं उरकता उरकता बोलायचा.

"ताई, गाय हापशावर पाणी पिईना बगा. डोणीला तोंड लावलं की मागं सरती, लाथा झाडती. डॉक्टर बगून गेला, म्हन्ला कायबी न्हाई. नाना म्हणत्यात बाहेरचं काय तरी हाय. लिंबू-मिरची बांधलीया दांड्याला."

मी हसले. तेवढ्यात ती म्हणाली, "मलाबी दांडा धरला की हाताला मुंग्या येत्यात. पर तेवढं काय न्हाई, चालतंय."

माझं हसू तिथंच विरलं. गायीला आपल्यापेक्षा फार आधी कळतं. चार पाय ओल्या जमिनीवर, तोंड पाण्यात. माणसाला मुंग्या येईपर्यंत गायीने हापसा सोडलेला असतो. मी वहिनीला म्हटलं, मी येईपर्यंत त्याला हात लावू नकोस. ती म्हणाली, मग प्यायचं काय?

शनिवारी मीटर घेऊन गेले. मीटरची एक तार हापशाच्या दांड्याला, दुसरी चिखलात रोवलेल्या खिळ्याला. आकडा वर गेला आणि तिथंच थांबला. मी आमच्या घराची वीज मुळापासून बंद केली. आकडा हलला नाही. मग नानांच्या घरामागून निघालेली एक वायर दिसली. बांधाच्या कडेने येऊन ती हापशाखालच्या लोखंडी पाइपला छान पिळा देऊन बांधलेली होती. वर गंज चढू नये म्हणून काळी टेपही होती. मन लावून केलेलं काम होतं.

आमच्या वस्तीवर वीज आली ती शेतीच्या मोटरीसाठी. मोटरीला तीन तारा पुरतात. वापरलेली वीज परत नेणारी चौथी तार, न्यूट्रल, लागत नाही, म्हणून ती इकडे कुणी ओढलीच नाही. पण बल्बला, पंख्याला, टीव्हीला परतीची वाट लागते. लोकांनी ती जमिनीतून काढली. घरामागे पहार ठोकायची, तिला वायर गुंडाळायची, झालं न्यूट्रल. जमीन सुकली की बल्ब मिणमिणतो, म्हणून बायका दिवेलागणीला तुळशीला पाणी घालतात आणि उरलेलं पहारेला. लहानपणी मीही घातलंय. पाणी जिरलं की आतला पंखा जोरात फिरायला लागायचा, आणि आम्ही पोरं टाळ्या पिटायचो. नोकरीला लागल्यावर मी दर सुट्टीला वस्तीवर या पहारेविरुद्ध बोंब मारली. लोक ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे, आणि संध्याकाळी पाणी घालायचे.

पण पहार ही पहारच. कंबरेएवढी खोल जाते. हापशाचा पाइप पार खालच्या पाण्यापर्यंत गेलेला. पलीकडच्या गावच्या वायरमनने नानांना सांगितलं, "नाना, हापशाच्या पाइपाला जोडा. न्यूट्रलच्या वरताण काम करंल." त्याचं गणित चुकलेलं नव्हतं, हाच सगळा त्रास आहे. पाइप भरपूर पाण्यात उभा असतो तोवर वीज मुकाट जमिनीत जाते. खालचं पाणी उतरलं की तिला वाट अपुरी पडते, आणि मग ती पाइपातच, दांड्यातच ताटकळत राहते. म्हणजे उन्हाळा जसा वाढेल तसा हापसा जास्त मारणार. आणि पाणी तर रोज उतरत होतं.

मी तरातरा नानांच्या दारात गेले. तोंडात शिव्या तयार होत्या. दार उघडंच होतं. आत काकी पलंगावर उशांना टेकून बसली होती. नाकाला नळी, शेजारी गुडघ्याएवढं पांढरं यंत्र घरघरत होतं. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं. तिच्या फुप्फुसांचं दुखणं मला माहीत होतं, चुलीच्या धुरात आयुष्य गेलेलं. पण घरी यंत्र आणलंय हे कुणी कळवलं नव्हतं. मंचरच्या दवाखान्यातून घरी सोडताना सांगितलं होतं, आता हे कायमचं.

"बस की गं," काकी म्हणाली. दोन शब्दांमध्ये दम घेत होती.

नाना मला बाहेर घेऊन आले. म्हणाले, "पहारेवर चालंना गं ते. वीज कमी पडली की शिट्टी मारतंय आन् बंद होतंय. एकदा तर तिचे डोळे पांढरे झालते. हापशाला जोडलं तवापासनं एकबी शिट्टी न्हाई." आणि मग हळूच, "काढू का म्हणतीस?"

मी यंत्राखालची पाटी वाचली. चौकोनात चौकोन, ही खूण मी रोज बघते. याचा अर्थ, हे यंत्र वापरणाऱ्याला कधीच झटका बसणार नाही, अर्थिंग नसलं तरी. दुहेरी आवरण. ते खरंच होतं. काकी सुरक्षित होती. त्या यंत्रात मी आमचं लोखंडी बोट घातलं असतं तरी ते पास झालं असतं. पण वापरून झालेली वीज बांधावरच्या एका बाईच्या हातात जाते का, हे तपासायचा रकाना आमच्या कागदावर नाही. मी त्या पलंगापाशी उभी होते आणि माझं सगळं शिक्षण मला भिकार वाटलं.

नाना, काढा ती वायर, असं म्हणायला मी आले होते. म्हणता आलं नाही.

मग सुरू झाली ती नुसती धडपड. सोमवारी रजा टाकली आणि नानांना घेऊन वीजवाल्यांकडे गेले. तिथला साहेब भला होता, त्याने नीट ऐकलं. न्यूट्रलची तार ओढायची तर पोल बदलावे लागतील, मंजुरी मिळेल, पण काम पाऊस उघडल्यावरच, म्हणाला. पाऊस अजून पडायचाच होता. काकीला मंचरला खोली घेऊन ठेवू म्हटलं, तर ती म्हणाली, "मरायचं तर माज्या दारात." ऑक्सिजनचा एक सिलिंडर होता, तो वीज जाईल तेव्हासाठी, आणि संपला की भरून आणायला अख्खा दिवस. इन्व्हर्टर बसवला. एवढं यंत्र सतत ओढून तो दमला, कारण त्याला चार्ज व्हायलाही ती हापशाचीच वाट लागत होती. मी स्वतः उभी राहून नानांच्या घरामागे नवा खड्डा खणून घेतला. कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी, सगळं पुस्तकात दिल्याबरहुकूम. दोन हातांवर कातळ लागला. ओलं ठेवलं तर तो खड्डा थोडा वेळ चालायचा. पण त्यात घालायचं पाणी आणायचं कुठून? हापशावरूनच.

हापशाच्या दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळली, खाली फळी टाकली. फळी भिजली की तिचा उपयोग संपतो. पाण्याची धार स्टीलच्या हंड्यात पडते आणि हंडा एका हाताने धरलेला असतो, तिथं ट्यूब काय करणार? प्रयोगशाळेतले रबरी हातमोजे नेऊन दिले. वहिनीने दोन दिवस घातले आणि खुंटीला लावले. म्हणाली, "हंडा निसटतोय ताई. आन् लोक हसत्यात." मी चिडले. काय काय बोलले तिला. तिने ऐकून घेतलं आणि माझ्यासाठी भाकरी टाकायला बसली.

शेवटी तोडगा काढला तो काकीने. तिच्यासमोर आम्ही काही बोलत नव्हतो, पण म्हातारीचे कान तिखट. तिने वहिनीला बोलावून घेतलं आणि म्हणाली, "पाण्याला जाशील तवा हाक मार. म्या बटन बंद करीन. तुजं झालं की परत हाक मार."

नाना मध्ये बोलायला लागले तर त्यांच्यावर डोळे वटारले. "गप बसा. पोर रोज मरणाला हात लावती, आन् म्या हितं ऐटीत श्वास घेऊ व्हय?"

तसं चालू झालं. वहिनी बांधावरून हाक मारायची, "काकी, भरते." घरघर थांबायची. मी मीटर लावून बघितलं, आकडा खाली यायचा. वहिनी मग जीव खाऊन हापसायची, हंडा-कळशी भरायची आणि ओरडायची, "काकी, झालं." घरघर परत सुरू. मी पुण्याला गेले. तिथं पंखे, मिक्सर तपासत होते, आणि मनात सारखं ते दोन आवाज. गाय पाणी प्यायला लागली होती. मला वाटलं, निभेल. पाऊस पडून पोल येईपर्यंत एवढ्यावर निभेल. दुसरं काही वाटून घ्यायची ताकदच नव्हती.

मे महिन्यात परत गेले. दुपार टळत होती. वहिनी हंडा घेऊन हापशाकडे निघाली आणि मी ओट्यावर बसून तिच्या हाकेची वाट बघू लागले.

हाक आली नाही. नानांच्या घरातली घरघर चालूच होती.

वहिनीने पदर हाताला गुंडाळला आणि दांडा धरला. एकदा दाबला. सोडला. हात झटकला. परत धरला. पाणी खोल गेलेलं, नुसता कोरडा खडखडाट येत होता. दाबायचं, सोडायचं, झटकायचं. मी अनवाणीच धावत सुटले. जवळ गेल्यावर दिसलं, गाय लांब बाभळीला बांधलेली होती आणि बादलीतून पाणी पीत होती.

"हाक का मारली नाहीस?" मी तिला दंड धरून मागे ओढलं.

"हळू बोला," ती म्हणाली. आधी नानांच्या घराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "परवाच्याला म्या हाक मारली. पाणी चढंचना. म्या हापसत ऱ्हायले, हापसत ऱ्हायले. नाना रानात गेलते. हंडा भरला तर म्या वरडले, पर वारं उलटं व्हतं, ऐकू गेलं न्हाई. जाऊन बगते तर काकींचं ओठ काळंनिळं. बटनावर हात ठिवून बसल्यात, पर दाबत न्हाईत. माजी हाक आली न्हाई म्हून."

तिने पदराने तोंड पुसलं.

"म्हातारीचा जीव जातोय ताई. माज्या हाताला नुसत्या मुंग्या. काय फरक हाय का न्हाई?"

मी तिला सांगितलं की नुसत्या मुंग्या राहणार नाहीत. पाणी अजून उतरेल. एक दिवस दांडा धरलेली मूठ उघडणारच नाही, हाताचे स्नायू आपलं ऐकत नाहीत, आणि इथं तुला सोडवायला कुणी नसेल. मी हे रोज शिकवते. तेच सगळं तिला रडत रडत सांगितलं. ती ऐकत होती. तिला सगळं समजत होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि त्याने मी जास्त घाबरले.

"मग काकीला काय सांगितलंस?" मी विचारलं. "हाक का येत नाही, ते विचारत नाही ती?"

वहिनीने मान खाली घातली. "सांगितलं, ताईंनी पुण्यासनं मानूस धाडून हापसा नीट केलाय."

आज वारं पडलेलं होतं. तेवढ्यात नानांच्या उघड्या दारातून काकीचा आवाज आला. तुटक, एकेका शब्दावर थांबत. "कोन... ताई आली का गं?"

वहिनीने माझा हात घट्ट धरला.

"हापसा नीट केलास... लई बरं झालं, बाई. पोरीच्या जिवाला लई घोर व्हता मला. आता कायबी भ्या न्हाई न्हवं?"

वहिनी नुसती बघत होती माझ्याकडे. दारातून काकीच्या पलंगाचा कोपरा दिसत होता, आणि ते पांढरं यंत्र.

"नाही काकी," मी म्हणाले. "आता काही भीती नाही."

मग वहिनीचा हंडा हापशाच्या तोंडाखाली सरकवला, तिला बाजूला केलं आणि दांडा धरला.