उघडी राहिलेली फाईल
प्रिंटरच्या शाईफितीचा वास आला की परभणीच्या समाजकल्याण कचेरीतली ती दुपार आठवते. विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलेलं होतं आणि मी कॉम्प्युटरवर नवीनच लागले होते. वसतिगृहाच्या यादीतून वालूरच्या, आमच्याच समाजातल्या एका मुलीचं नाव सुटलं होतं. साहेबांनी दुरुस्त यादी मंजूर केली, मी तिच्या वडिलांना तसं सांगितलंही. पण मशीनमधली जुनी यादी बदलेना, कारण आमच्या हेडक्लार्कनी, बडे बाबूंनी, ती आपल्या पडद्यावर उघडून ठेवली होती, आणि त्यांनी बंद केल्याशिवाय मला हात लावता येत नव्हता. “बाबू, पाच मिनिटं बंद करता का?” मी विचारलं. “छपाई चालू हाय. तुमच्या लोकांचं आजकाल लय चाललंय,” ते मान वर न करता म्हणाले. साहेब दौऱ्यावर गेलेले. मी माझ्या टेबलाशी परतले. प्रवेशाची मुदत त्याच दिवशी संपत होती. जुनीच यादी फळ्यावर लागली. वडिलांनी ती दोनदा वाचली. “ताई, तुमी तर नाव घातलंय म्हनलात,” एवढंच बोलून ते एसटीकडं निघाले. बाबू घरी गेल्यावर यादी क्षणात बदलली, पण आता त्याचा उपयोग नव्हता. आता मी निवृत्त झालेय, पण त्या मुलीचं पुढं काय झालं, हे विचारायला वालूरला जायची हिंमत मला अजून झालेली नाही.