तंबूच्या बाहेर

परतवाड्याजवळच्या जत्रेत लावणीचा तंबू लागतो. मी तिथलं जुनं गिऱ्हाईक. पुढच्या बाकावर बसायचं, नाचणाऱ्या बाईचं नाव विचारायचं नाही, तिचा हात धरायचा नाही, हे सगळं मी पाळायचो आणि त्यामुळे स्वतःला सभ्य समजायचो.

त्यातली एक जण नाचताना माझ्याकडे बघून डावी भुवई उडवायची. आपली ओळख आहे, असं मी धरूनच चाललो होतो.

गेल्या उन्हाळ्यात ती मला अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात दिसली. अंगावर विटलेली साडी, शेजारी स्ट्रेचरवर नवरा. औषधांची चिठ्ठी ती पुन्हा पुन्हा उलटून बघत होती. मला खरंच वाईट वाटलं. जवळ गेलो आणि खिशातून पाचशेची नोट काढली. पण सवयीनं ती दोन बोटांत धरून डोक्यावर हलवली, तंबूत तिला बोलावताना हलवायचो तशी.

तिनं माझ्या बोटांकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "भाऊ, इथं मी नाचून नाई राहिली."

माझा हात खाली आला. मी तसाच मागे फिरलो.

पाठीमागून नवऱ्याचा थकलेला आवाज आला, "कोन होते वं?"

"कोनी नाई," ती म्हणाली. "दुसऱ्याच कोनाले पाहून राह्यले होते."