कबूलवकिलाची उलटतपासणी

"अरे, मान जरा खाली घाल. असा ताठ उभा राहिलास तर साहेबांना वाटेल, हा भांडायला आलाय."

"भांडायलाच आलोय भावोजी. मी केलंच नाही तर मान कशाला खाली घालू?"

"केलं की नाही ते नंतर बघू. आधी उभं कसं राहायचं ते शीक. हात पुढे घे. आणि खिशातलं ते पेन काढ, त्यानं माणूस शहाणा दिसतो."

कोर्टाच्या जिन्याखाली, भिंतीला चिकटलेल्या टेबलापाशी हा पाठ चालला होता. शिकवणारा वकील, आणि शिकणारा त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, शाळेची बस चालवणारा. बहीण बाजूच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि नवऱ्याकडे अशी बघत होती, जशी बाई दूध उतू जाणार हे ठाऊक असून पातेल्याकडे बघते.

अख्ख्या कोर्टात त्या वकिलाला कबूलवकील म्हणत. तोंडावर नाही, पण पाठ फिरायची वाटही कुणी बघत नसे. सिग्नल तोडलेले, दारू पिऊन गाडी हाकलेले, भाजीबाजारात एकमेकांची कॉलर धरलेले, सगळे त्याच्या टेबलाशी येत आणि हा सगळ्यांना एकच औषध पाजी. गुन्हा कबूल करायचा, तोंड पाडायचं, दंड भरायचा, घरी जायचं. त्यानंतर हा उठून काळा कोट खाली ओढी आणि म्हणे, साहेब, गरीब माणूस आहे, पहिलीच चूक आहे, घरी म्हातारी आई आहे, पदरात घ्या. म्हातारी आई तो कुणालाही देऊन टाकी. एकदा काठी टेकत आलेल्या, तोंडात दात नसलेल्या आरोपीलाही दिली, तेव्हा साहेबांनी चष्मा काढून आरोपीला पुन्हा एकदा निरखून पाहिलं होतं. कायद्याची पुस्तकं घरी कपाटात होती. त्यांच्यावर बायको घडी घातलेले कपडे ठेवी, तेवढाच त्यांचा उपयोग.

ही गिऱ्हाइकं आणून देई मोठ्या चौकातला हवालदार. तो गाडी अडवी, पावती फाडी आणि हळूच सांगे, जिन्याखाली बसतात त्यांना भेट, लगेच मोकळा होशील. हवालदाराचा आपल्यावर असा जीव असल्यावर कबूलवकील त्याला कोर्टात वाकडा प्रश्न कशाला विचारतोय? उभ्या हयातीत त्यानं हवालदाराला विचारलेला सगळ्यात कठीण प्रश्न म्हणजे, चहा घेणार की कॉफी.

आणि मेहुण्याच्या केसमध्ये साक्षीला होता तोच हवालदार.

झालं होतं असं. मेहुणा मुलांना शाळेत सोडून रिकामी बस घेऊन परतत होता. गल्लीतून एक स्कूटरवाला कानाला फोन लावून उलट्या बाजूनं घुसला आणि बसच्या पुढच्या चाकाशी येऊन आडवा झाला. पाय मोडला. हवालदार मागाहून पोचला, पण कागदावर त्यानं लिहिलं की बस भरधाव होती आणि हे मी डोळ्यांनी पाहिलं. गुन्हा शाबीत झाला तर लायसन जाणार, आणि लायसन गेलं की शाळा मेहुण्याला बसच्या पायरीवरसुद्धा उभं करणार नव्हती. त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं.

वरच्या मजल्यावर एक वकीलबाई बसत. साक्षीदाराला घाम फोडण्यात त्यांचं नाव होतं. मेहुणा त्यांच्याकडेच निघाला होता. पण कबूलवकील फुगला. घरात वकील असताना बाहेरचा वकील, लोक माझ्या तोंडात शेण घालतील, म्हणाला. दोन वेळा ताटावरून उठला. शेवटी बहिणीनंच भावाला सांगितलं, दे बाबा त्यांनाच, नाहीतर घरात राहणं मुश्कील करतील. पहिल्या तारखेला मेहुण्यानं गुन्हा नाकबूल केला, तेव्हा पुकारा करणारा शिपाईसुद्धा चमकला. त्या वकिलाच्या अशिलाच्या तोंडून हा शब्द त्यानं कधी ऐकलाच नव्हता.

गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या पंक्चरवाल्यानं सगळं पाहिलं होतं. आज तो दुकान बंद करून, हात घासून घासून धुऊन, साक्ष द्यायला आला होता. कबूलवकिलानं त्याला बाहेरच बसवलं. तुमचं बहुतेक काम पडणार नाही, म्हणाला.

पुकारा झाला. हवालदारानं साक्ष दिली. बस भरधाव, चालक बेफिकीर, मी चौकात उभा, तिथून पाहिलं. साहेब म्हणाले, "विचारा, वकीलसाहेब."

कबूलवकील उठला. विचारायचं एवढंच होतं, तुम्ही उभे होतात तिथून ती गल्ली दिसते का? ती दिसत नाही, हे त्या चौकातून जाणाऱ्या शेंबड्या पोरालाही माहीत. पण समोर हवालदार उभा होता, ओळखीचं हसत. वकिलानं कोट खाली ओढला. कोट खाली ओढला की पुढचं भाषण आपोआप बाहेर पडे, तसं ते पडलं.

"साहेब, गरीब माणूस आहे. पहिलीच चूक आहे. घरी म्हातारी आई..."

मेहुण्याची आई, म्हणजे ह्याची सासू, केव्हाच वारली होती. तिच्या मयताला हाच पुढे होता.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुमचा अशील म्हणतो, मी केलं नाही. तुम्ही म्हणता, पहिलीच चूक. मी दोघांपैकी कुणाचं ऐकू?"

इथवर सवयीचा दोष म्हणता आला असता. जीभ घसरली साहेब, माफ करा, एवढं म्हणून प्रश्न विचारता आला असता. साहेब थांबलेही होते. कबूलवकिलानं हवालदाराकडे पाहिलं. हवालदाराच्या मागे, दाराशी, चौकात पकडलेली दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती.

"माझंच ऐका साहेब," तो म्हणाला. "पोरगा तापट आहे. कबूल करतो."

साहेबांनी मेहुण्यालाच विचारलं, कबूल आहे का. मेहुण्यानं तोंड उघडलं. कोपराला भावोजींचा चिमटा बसला. त्यानं मागे वळून बहिणीकडे पाहिलं. भर कोर्टात बहिणीच्या नवऱ्याला खोटं पाडायचं म्हणजे तिनं रोज ज्या घरात पाणी भरायचं, त्या घरात निखारे टाकायचे. तिचे डोळे डब्यावर होते. मग त्याची मान आपोआप खाली गेली, आणि साहेबांनी ते होकार म्हणून लिहून घेतलं. दंड झाला. लायसन रद्द झालं.

बाहेर येताच कबूलवकील खुलला. दंडावरच भागलं, म्हणाला, आत गेला असतास.

"मला आत जायची भीती नव्हती भावोजी," मेहुणा म्हणाला. "मी केलं नव्हतं."

पंक्चरवाला बाकावरून उठून विचारत होता, आता मला बोलावतील का? बहिणीनं डबा टेबलावर ठेवला, नवऱ्याकडे न बघता भावाचा दंड धरला आणि पंक्चरवाल्यासकट तिघं फाटकाकडे चालू लागली.

कबूलवकील त्यांच्या पाठीमागे दोन पावलं गेला. तेवढ्यात हवालदारानं हाक मारली. ती दोन पोरं, एका मोटरसायकलवर तिघं बसून चालली होती, तिसरा पळाला. वकील परत फिरला, डबा बाजूला सारला आणि खुर्ची ओढली.

"या, बसा," तो म्हणाला. "काय केलंत ते नका सांगू. आई आहे ना घरी?"