आयपीसवरचा लाल ठिपका

...अंगण झाडून झालं होतं, पाणी भरून झालं होतं, वांगी चिरायला घेतली होती. तेवढ्यात दीर आले, मशीन न्यायला. परवाची गोष्ट.

मशीन म्हणजे आमच्या ह्यांची लेव्हल. जमिनीचा चढ-उतार मोजायची दुर्बीण. हे गेल्यावर ती पेटीतच होती... मग मीच बाहेर काढली. त्यांच्या डिप्लोमाच्या जुन्या पुस्तकातून भिंग, प्रतिमा, फोकस शिकत बसले.

वडनेरला ओळखीच्यांच्या शेतात पाणी साचतं. चराला उतार काढून देते, असं मी कबूल केलं होतं. दिरांनी मात्र मला न विचारता जाम गावच्या एका सर्व्हेवाल्याला मशीन देतो म्हणून सांगून टाकलेलं.

मी म्हटलं, आधी बघा तरी. फाटकाला मोजपट्टी उभी बांधली आणि वाचायला लागले. पण डोळा जरा खाली-वर झाला की आकडा बदलायचा...

"वहिनी, आकडा नाचून राह्यला तुमचा. उद्या पाणी उलटं जाईन, मंग लोक मलेच बोलतीन."

आकडा का नाचतो ते मला ठाऊक होतं. पट्टीची प्रतिमा आणि दुर्बिणीतली आडवी रेघ एकाच जागी जुळल्या नाहीत, की असं होतं. त्यासाठी आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, आधी बघणाऱ्याच्या डोळ्याप्रमाणे फिरवून रेघ स्पष्ट करायची असते. पुस्तकात ते पहिलंच वाक्य... आणि तेवढंच मी करत नव्हते.

कारण आयपीसवर लाल ठिपका होता. दुसऱ्या कुणी फिरवलं तर परत आपल्या डोळ्याला जुळवता यावं, म्हणून ह्यांनी माझंच नेलपॉलिश घेऊन लावलेला. तो ठिपका हलवायला माझा हात धजत नव्हता.

दिरांनी पेटी उचलली. नुसती रेघच दिसावी म्हणून मी दुर्बिणीच्या पुढच्या भिंगासमोर पांढरा कागद धरला आणि आयपीस फिरवलं. ठिपका सरकला... रेघ काळीभोर, स्वच्छ झाली. पट्टी पुन्हा फोकस केली, मान खाली-वर केली. आकडा जागचा हलला नाही.

दीर म्हणाले, "दादाचा ठिपका होता ना तो?"

"हो, त्यांच्या डोळ्याचा. आता मशीन माह्या डोळ्याले लागलं. नाई देत मी."

ते पेटी खाली ठेवून बसले. मी वांगी चिरायला गेले. रडू आलं, खोटं कशाला सांगू... पण आयपीस परत फिरवलं नाही. पुसलाही नाही तो ठिपका. बाजूला माझा एक लावला.

दुसऱ्या दिवशी वडनेरला गेले आणि चराची लेव्हल घेतली. पट्टी दिरांनी धरली.